पथ्य भाऊसोंचं

आमचे भावजी सकाळी फिरायला निघाले की गल्लीतलं कुणी ना कुणी म्हणतंच, "भाऊसो, पाय राखला बघा तुम्ही! पथ्य पाळावं तर तुमच्यासारखं." भावजी हसतात, काठी जरा वर उचलून दाखवतात आणि कारखान्याच्या रस्त्याला लागतात. मी दारात भांडी घासत असले तर हातातलं भांडं जोरात आपटते. आपटणारच की! पथ्य ह्यांनी पाळलं नाही. ते पाळलं माझ्या जाऊबाईनं, आक्काताईनं, आणि ती आज नाही. तिचं कुणी नाव काढत नाही म्हणून मी काढते. मधे कुणी तोंड घालायचं नाही.

मी विठाबाई. भाऊसोंच्या धाकट्या भावाची, ज्ञानूची बायको. कसबा बावड्यात दोघा भावांची घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. मधल्या भिंतीत एक खिडकी ठेवलीय, दोन्ही स्वैपाकघरांच्या मधे. वाटीभर पिठापासून कडाक्याच्या भांडणापर्यंत सगळं त्या खिडकीतून चालायचं. म्हणून मी सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आमच्या सासूबाईंचं नाव चिमणाबाई. आम्ही दोघी त्यांना आत्ती म्हणायचो. आत्तीचं लहानपण, तरुणपण लोकांच्या पंगती उठायची वाट बघण्यात गेलं. लग्न कुणाचं, बारसं कुणाचं, ह्या बाहेर टोपली घेऊन उभ्या. छप्पन्न साली समाजानं बुद्धाचा धम्म घेतला, तशी आत्तीनं ती टोपली स्वतःच्या हातानं चुलीत घातली आणि परत कुणाच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. पण टोपली जळाली म्हणून घरात लगेच धान्य थोडंच येतंय? भावजी तेव्हा शाळेत जायच्या वयाचे. घरात आलं की आधी पातेल्यावरचं झाकण काढून बघायचं ही सवय त्यांना तेव्हा लागली. पुढं साखर कारखान्यात नोकरी लागली, घर बांधलं, पोरगा शिकला, तरी ती सवय काही सुटली नाही. बूट काढायच्या आधी झाकण काढणार. पातेलं भरलेलं दिसलं की चेहरा फुलायचा. अर्धं दिसलं की माणूस घरभर गुरगुरत फिरायचा.

आत्तीनं घरात दोन नियम घातले होते. एक म्हणजे अन्न टाकायचं नाही. दुसरा असा की आपल्या घरातलं उरलेलं बाहेरच्या कुणाला द्यायचं नाही. त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं उष्टंशिळं मी खाल्लंय. त्याची चव मला म्हाईत हाय. ती माझ्या दारातनं कुणाच्या पदरात पडायची न्हाई. द्यायचं तर ताजं द्या, पयल्या वाढीचं द्या." नवी नवरी होते मी, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या. किती मोठ्या मनाची बाई, वाटलं. पण मग उरलेलं जायचं कुठं? ते आत्तीनं कधी सांगितलं नाही, कारण ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. ते घरातल्या बाईनं खायचं. लोकांचं उरलेलं खायचं आम्ही सोडलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. नवऱ्याचं उरलेलं खायचं मात्र कुणी सोडवलं नाही, त्याचा संताप येतो.

भावजींचं जेवण म्हणजे बघत राहावं असं. पांढराफेक भात, तूप लावलेल्या चपात्या, रविवारी मटण आणि तांबड्या रश्शावर बोटभर तेलाचा कट. भाकरीला हात लावायचे नाहीत. चपाती-भात म्हणजे वर आलेल्या माणसाचं जेवण, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कारखान्याची सवलतीची साखर घरात पोत्यानं यायची. चहा असा गोड की ओठ चिकटावेत. कुणी काही बोललं की म्हणायचे, "माझ्या घामाची साखर हाय. कोण आडवतंय बघू."

चौऱ्याण्णव साली त्यांच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. काय लागलं, कधी लागलं, त्यांना कळलंच नाही, कारण पायाला संवेदनाच नव्हती. जखम काही केल्या भरेना, काळी पडली. दवाखान्यात नेलं तर रक्तात साखर म्हणे भरपूर. गल्लीतली पोरं हसायला लागली, कारखान्यातली साखर भाऊसो अंगात भरून आणतात म्हणून. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं अंगठा काढला आणि आक्काला समोर बसवून सांगितलं, "बाई, आज अंगठा गेला. हे असंच खात राहिले तर उद्या पाऊल जाईल, नंतर गुडघ्यापासून पाय." भात कमी, साखर बंद, तेल कमी, ज्वारी-नाचणीची भाकरी, पालेभाजी, उसळी. हे सगळं त्यानं नीट समजावलं.

भावजी दवाखान्याच्या पायरीवरच तापले. "नाचणी? नाचणीची आंबील पिऊन दिवस काढल्यात आमी! त्यातनं वर आलो ते परत नाचणी खायला व्हय? ह्यो डॉक्टर मला माझ्या बापाच्या ताटावर बसवाय निघालाय."

आक्का भित्री. पाय जायचा या भीतीनं दुसऱ्याच दिवशी तिनं सगळं एकदम बदललं. नाचणीची भाकरी, मेथीची भाजी, बिनसाखरेचा चहा, आणि भात वाटीभर. भावजी आले, झाकण काढलं, तळाला भात. मी खिडकीत होते. म्हटलं आता ताट भिरकावणार हा माणूस. पण आत्तीच्या घरात ताट भिरकवायची सोय नव्हती. ते खाली बसले, भाकरीकडं बघितलं आणि बाई गं, एवढा थोराड माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "परत उपाशी ठेवतीयास व्हय ग मला?" म्हणाले. आक्काच्या हातातली पळी खाली पडली. तिनं तिथल्या तिथं कुकर लावला आणि ताटभर भात वाढला.

मी खिडकीतून म्हटलं, "आगं, पाय जाईल की त्यांचा."

ती म्हणाली, "जाऊ देणार न्हाई. पण त्यास्नी उपाशी बी वाटू देणार न्हाई."

आणि खरं सांगते, तिनं जे केलं ते एखाद्या मोठ्या दवाखान्यातल्या पथ्य सांगणाऱ्या बाईला जमलं नसतं. घाई म्हणून केली नाही. चहापासून सुरुवात. साखर एकदम तोडली नाही, दर थोड्या दिवसांनी चिमूट चिमूट कमी करत गेली आणि त्याजागी आलं, गवती चहा वाढवत गेली. भावजी म्हणायचे, "आज चहा झकास झालाय." वर्ष होता होता तो चहा बिनसाखरेचा झाला आणि ह्यांना पत्ता नाही. चपातीच्या कणकेत मूठभर ज्वारीचं पीठ, मग दोन मुठी, मग जरा नाचणी. चपाती जाड व्हायला लागली, रंग बदलला, तोवर जीभ पण बदललेली. एके दिवशी भाकरीच वाढली लोण्याचं बोट लावून, तर म्हणाले, "भाकरी बी बरी लागती की गं."

आधी उसळ आणि भाजी वाढायची, भात अगदी शेवटी, पोट निम्मं भरल्यावर. मग त्यातला अर्धा भात ते स्वतःहूनच बाजूला सारायचे. जयंतीला पुरणपोळ्या तळहाताएवढ्या लाटायची. चार खाल्ल्या असं चारचौघांत म्हणता आलं की भावजींचं समाधान. रश्शात तेल इतरांसारखंच घालायची, पण वरचा कट सगळा पळीनं काढून घ्यायची आणि ह्यांच्या वाटीत फक्त चमचाभर वर सोडायची. डोळ्याला तांबडंलाल दिसलं पाहिजे, एवढंच. भावजी भुरके मारत म्हणायचे, "रस्सा खावा तर आपल्या घरातला!"

फक्त एक गोष्ट तिला बदलता येईना. पातेलं. झाकण काढलं की ते भरलेलंच दिसलं पाहिजे. परत ते रडणं तिला बघवलं नसतं. म्हणून शिजवायची पहिल्याएवढंच. भात तेवढाच, रस्सा तेवढाच, खीर तेवढीच. भावजींचं खाणं कमी कमी होत गेलं आणि पातेल्यात उरायचं ते वाढत गेलं.

ते तिनं खाल्लं. सगळं.

पोरगा प्रसेनजीत एमआयडीसीत पाळ्या करायचा, त्याचा डबा कॅन्टीनचा. आत्तीला दात नव्हते, त्यांचं खाणं ते किती. राहिली कोण? दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की आक्का पातेलं पुढ्यात ओढायची. वाढून घ्यायची पण नाही, पातेल्यातच कालवायची. सकाळचा भात, त्यावर रश्शाचा काढून ठेवलेला कट. उरलेल्या पोळ्या दुधात कुस्करून. भावजींच्या चहातून वाचलेली साखर तिच्या चहात. कारखान्याची साखर यायची थांबत नव्हती, आणि ती टाकायची कुणी?

मी खिडकीतून शिव्या घालायचे. "आगं भवाने, ढकलतीयास किती! कुत्र्याला घाल की."

"कुत्र्याला घालाय अन्न काय वर आलंय? आत्ती बघत्यात."

"मग कामाला येती त्या बाईला दे."

"शिळं देऊ व्हय? कसं दिसंल ते?"

"मग मला दे इकडं."

मला द्यायची. दोन वाट्या मी घ्यायचे. पण माझ्या घरात पण पातेलं होतंच की, आणि आमचा ज्ञानू खाण्यात भावाच्या निम्मा पण नाही. शेवटी मी एकदा सरळ खिडकीतून हात घालून तिचं पातेलं ओढलं आणि मोरीत पालथं करायला निघाले. आक्का धावत आली, माझं मनगट धरलं आणि चिडली. आयुष्यात पहिल्यांदा चिडली माझ्यावर. "विठे, तुला कळतंय का? त्यांच्या ताटातलं मी काढून घेतलंय. ते मोरीत टाकलं तर मी त्यांच्या तोंडातनं चोरल्यासारखं हुईल. खाल्लं तर घरातच राहतंय." मी पातेलं परत दिलं आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. त्यानं तिला काही फरक पडला नाही.

आत्ती वारल्या. मला वाटलं, आता तरी सुटली. म्हटलं, "आता कोण बघतंय गं? टाक की." तर हसून म्हणाली, "माझं मलाच दिसतंय की." झालं! सासू गेली आणि सासूचा नियम सुनेच्या अंगात जाऊन बसला.

तोवर भावजींची साखर आटोक्यात आली होती. वजन उतरलं, चालणं सुधारलं, डॉक्टर खूश. एका मंडळानं बावड्यात साखरेच्या रोग्यांसाठी शिबिर ठेवलं, तिथं डॉक्टरनं भावजींना पुढं बोलावलं. शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा! साखरेच्या शिबिरात पेढे! त्या मंडळाची अक्कल कुठं चरायला गेली होती कुणास ठाऊक. भावजींना माईक दिला, आणि माईक मिळाल्यावर आमचे भावजी काय सोडतात? "मी जिभंला लगाम घातला," म्हणाले. "मन घट्ट केलं. माणसानं ठरवलं तर काय बी हुतंय." टाळ्या पडल्या. आक्का माझ्या शेजारी उभी, तिनं पण टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, तोंडभरून हसत होती बाई.

तिथंच बोटाला सुई टोचून फुकट रक्त तपासत होते. मी तिला ढकलली. गेली वर्ष-दोन वर्षं तिचा तांब्या सारखा तोंडाला, घशाला कोरड, अंग आधी सुटलेलं आणि आता उगाच उतरत चाललेलं. मला दिसत होतं. म्हटलं, "दे बोट."

"मला काय झालंय? पेशंट ते हायत."

"आगं दे की, फुकट हाय!"

"प्रसेनजीत कामावनं येईल, स्वैपाक राहिलाय. पुढच्या वेळी देते."

मी तिथल्या पोरीला हाक मारली, ती सुई घेऊन वळेपर्यंत आक्का पिशवी उचलून रस्त्याला लागलेली. घरी गेल्यावर मी भावजींना सांगितलं, हिला दाखवून आणा. भावजी म्हणाले, "ती खणखणीत हाय. दिवसभर कामात असती." प्रसेनजीतला सांगितलं. तो म्हणाला, "काकी, रविवारी नेतो." कुठल्या रविवारी ते त्यानं सांगितलं नाही. त्या पुड्यातला एक पेढा भावजींनी मोडून तोंडात टाकला, अर्धाच, पथ्य म्हणून. बाकीचे पेढे कुणी संपवले ते मी सांगायला पाहिजे का?

पुढं प्रसेनजीतचं लग्न झालं. सून प्रीती, पोरगी चांगली, शाळेत शिकवते. घरात आल्यावर तिनं सासऱ्याच्या खाण्याच्या वेळा, गोळ्या, सगळं सासूकडून समजून घेतलं. सगळ्या घराला भावजींच्या जेवणाची खडान्खडा माहिती. किती भाकरी, कुठली भाजी, भात किती. सकाळी चालून आले की एक वाटी ताक, ते पण साय काढून. ती साय कुठं जायची, हे मात्र प्रीतीनं विचारलं नाही. तिला तरी काय बोल लावू? ती घरात आली तेव्हा पातेलं पुढ्यात ओढून बसणारी सासूच तिनं बघितली. तिला वाटलं, बाईला आवडत असेल तसं.

दोन हजार पाच सालचा हिवाळा होता. सकाळी खिडकीतून पीठ मळल्याचा आवाज येत होता, तो एकाएकी थांबला. मी हाक मारली. उत्तर नाही. जाऊन बघते तर आक्का परातीशेजारी भिंतीला टेकून बसलेली, घामानं चिंब, हात पिठानं भरलेले. छातीत दुखत नाही म्हणाली, फक्त दम लागलाय म्हणाली. पायातली चप्पल काढली तर तळव्याला चिंधी बांधलेली. चिंधी सोडली तर तळवा काळा पडलेला. एवढी जखम घेऊन ही बाई महिनाभर घरात वावरत होती.

रिक्षात घातली. माझ्या मांडीवर डोकं. सारखं पुटपुटत होती, "विठे, पीठ मळायचं राहिलंय. प्रीतीला सांग, नाचणी थोडीच घाल म्हणावं. एकदम घातली तर त्यास्नी कळतंय." मी म्हटलं, "मर मेले, अजून त्यांचीच नाचणी!" रागानं बोलले. रागानंच बोलायचे मी तिच्याशी, सगळं आयुष्य. तिला ते कळायचं. तिनं माझा हात दाबला.

दवाखान्यात आत घेतलं. बऱ्याच वेळानं एक तरणा डॉक्टर बाहेर आला. तोंड उतरलेलं होतं त्याचं. आम्ही सगळे उभे राहिलो, भावजी, प्रसेनजीत, प्रीती, मी.

"ह्यांना शुगर कधीपासून आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"शुगर तिला न्हाई," भावजी म्हणाले. "शुगर मला हाय."

डॉक्टरनं हातातला कागद त्यांच्यापुढं धरला. मग म्हणाला, "मशीनवर आकडा येत नाहीये एवढी शुगर आहे. हार्टचा झटका येऊन गेलाय, तो पण आजचा नाही. पाय सडलाय. गोळ्या कुठल्या चालू होत्या?"

कुठल्याच नव्हत्या.

"बरं, जेवणात काय असायचं? रोज साधारण काय खायच्या?"

भावजींनी प्रसेनजीतकडं बघितलं. प्रसेनजीतनं प्रीतीकडं बघितलं. प्रीती पदराचं टोक पिळत खाली बघायला लागली. तिघांनी मिळून एक भाकरी, एक वाटी आमटी, काहीतरी सांगायचं की! बायको होती, आई होती, सासू होती. पण खोटं सांगायला सुद्धा आधी कधीतरी बघितलेलं असावं लागतं.

"उरलेलं," मी म्हणाले.

"म्हणजे?" डॉक्टरला कळलं नाही. "उरलेलं म्हणजे काय, मावशी?"

मी भावजींकडं बोट केलं. दोन पायांवर नीट उभे होते ते.

"ह्यांनी जे जे खायचं सोडलं, ते सगळं."